डिझेलनानांचं मशीन

नेवासा फाट्यावर कुणालाही "रंगनाथ आगळे कुठं राहतात?" असं विचारलंत तर तो डोकं खाजवील. "डिझेलनाना" म्हटलंत की लगेच हात लांब करून इंजन-दुरुस्तीचं दुकान दाखवील आणि वर विचारील, "कशाला पाहिजेत?" हा प्रश्न त्याला नानांनीच शिकवलेला असणार. अलीकडे दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाला नाना पाण्याच्याही आधी हाच प्रश्न विचारत. कोण आलाय, कुणी पाठवलाय आणि मनात काय धरून आलाय, हे कळल्याशिवाय त्यांचा हात पान्ह्याला लागायचा नाही.

डिझेल हे नाव पडलं मोटरसायकलीवरून. तीसेक वर्षांपूर्वी नानांनी भंगारातल्या एका बुलेटच्या सांगाड्यात विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजन बसवलं. त्या काळी एखाद-दुसऱ्या कारखान्यानंही डिझेलची मोटरसायकल काढली होती, पण नाना म्हणायचे, ती कागदावर काढलेली, ही हातानं काढलेली. नगरच्या आरटीओत हेलपाटे घालून त्यांनी गाडीच्या पुस्तकात 'डिझेल' असं लिहून आणलं तेव्हा त्यांना मुलगा झाल्यासारखा आनंद झाला होता. गाडी साठाच्या वर पळत नाही, उभी असली तरी गदागदा हलते, चढ लागला की काळा धूर सोडते. पण लिटरभर डिझेलात शेवगावला जाऊन परत येते आणि तीस वर्षांत तिनं नानांना रस्त्यात कधी उतरवलं नव्हतं. ह्या इंजनाला नाना 'मशीन' म्हणत. बाकी जगातली सगळी इंजनं ती इंजनं, हे एकटं मशीन.

दुसरी ख्याती कानाची. स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक इंजनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "वॉल्व्ह सैल हाय." "बेरिंग गेलंय." इंजन खोलावं आणि तेच निघावं. डिझेलनानांपुढं इंजन खोटं बोलत नाही, असं चार गावांतले शेतकरी म्हणायचे आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

माणसं मात्र खोटं बोलतात, असं नानांना चारेक वर्षांपासून वाटायला लागलं होतं, कारण माणसं कुजबुजायला लागली होती. चहाच्या टपरीवर चौघं गप्पा मारत असायचे आणि नाना जवळ गेले की त्यांचा आवाज खाली यायचा. गिऱ्हाईक सगळी हकिगत सांगायचं आणि नेमका कामाचा शब्द तोंडातल्या तोंडात गिळायचं. घरात मनकर्णाबाई चुलीकडं तोंड करून काहीतरी पुटपुटायच्या आणि "काय म्हनलीस?" असं दरडावलं की म्हणायच्या, "काय न्हाई." आता काही नाही तर ओठ का हलतात? कुठंतरी पाणी मुरतंय, असं नानांनी ठरवून टाकलं.

पाणी कुठं मुरतंय ते मनकर्णाबाईंना ठाऊक होतं. चाळीस वर्षं धडधडत्या इंजनांना कान लावलेल्या माणसाचं जे व्हायचं ते झालं होतं. त्यांनी एकदा धीर करून विचारलंही, "अवो, तुमास्नी जरा कमी ऐकू येतंय का?" नाना असे उसळले की भिंतीवरची पाल पळाली. "कानावर भाकरी खातोय मी आजवर! मला कमी ऐकू येतंय व्हय? कुनी शिकवलं तुला हे?" म्हणजे ह्यातही कुणीतरी शिकवणारा होताच. त्या दिवसापासून घरात कान हा शब्द निघाला नाही.

अशा माणसाच्या संशयाला एक धनी लागतो. तो नानांना जावयाच्या रूपानं घरबसल्या मिळाला.

जावई अमृत तसा शांत गडी. नगरला सावेडीत फ्लॅट, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी. आणि नेमकी नोकरी कशाची, तर इंजनात जोरानं हवा कोंबणारी यंत्रं बनवायची. त्याला ते सुपरचार्जर म्हणतात. नाना त्याला 'फुंकणी' म्हणत. गेल्या दिवाळीला ह्या फुंकणीवरून दोघांची जुंपली होती. नानांची गाडी चढाला धूर ओकत आली तेव्हा अमृत सहज म्हणाला, "मामा, हवा कमी पडती हो तिला. डिझेल जातं तेवढं जळत नाही, म्हणून काळा धूर. पट्ट्यावर फिरणारा बारका सुपरचार्जर बसवला ना, तर धूर जाईल आन् चढाला दम येईल. आता पेट्रोलच्या गाड्यांनापण लावायला लागलेत लोक."

"इंजनानं आपल्या छातीनं हवा वढावी, अमृतराव," नाना म्हणाले. "दुसऱ्यानं फुकून घातलेला दम मिरवनुकीत चालतो. नांगराला न्हाई चालत."

अमृत हसला. मनापासून हसला, कारण त्याला ते वाक्य आवडलं होतं. पण नानांनी ते हसू खिशात घालून ठेवलं आणि रोज काढून पाहिलं. हा का हसला? दुसऱ्याच्या गाडीच्या धुराची ह्याला एवढी काळजी का? तीस वर्षं चालणारं डिझेलचं मशीन साऱ्या तालुक्यात एकच. कारखान्यात नेऊन खोलायचं, मापं घ्यायची, त्यावर आपली फुंकणी चढवायची आणि साहेबांपुढं मिरवायचं, असा बेत असणार. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे नऊ निदान लांबून त्रास देतात.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, वाण द्यायचं आणि वर त्याला "काय पाहिजे ते मागा" असं म्हणायचं. तसं बहुतेक जावई लाजून "काही नको" म्हणतात. पण एखादा मागतोच. आणि ह्या महिन्यात मागितलेलं नाही म्हणता येत नाही. नानांनी धास्ती घेतली ती इथंच.

दोन दिवस आधी लेक धनश्री आईच्या मदतीला आली. मायलेकी अनारसे तळत बसल्या होत्या. नाना माठातलं पाणी प्यायला गेले आणि दाराआड थबकले. धनश्री पाठमोरी बसून म्हणाली ते असं होतं, "आई, कानाचं मशीन सावेडीत बसवून मिळतं. ह्यांनी डॉक्टर बघून ठेवलाय. नानांना आत्ताच सांगू नकोस, भडकतील. धोंड्याला हेच मागतील ते." कढईत तेल चुरचुरत होतं. त्यात काही शब्द पडून विरघळले. नानांच्या पदरात पडलं ते एवढंच: "...मशीन सावेडीत... बघून ठेवलाय... नानांना सांगू नकोस... धोंड्याला मागतील."

नानांनी तांब्या तसाच ठेवला. पाणी पिण्याची वासनाच राहिली नाही. सख्खी लेक, लग्नाची बायको, सगळे एका माळेचे मणी! त्या संध्याकाळी त्यांनी मोटरसायकलीच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. मनकर्णाबाईंनी विचारलं, "चोर आलेत का काय गावात?" नाना म्हणाले, "गावात न्हाई."

धोंड्याच्या दिवशी अमृत आला. आल्या आल्या घरात साय घट्ट बसलेलं दही नाही असं निघालं. ह्याची गाडी सावलीला आत लावलेली, पुढं धनश्रीची पंक्चर स्कूटर आडवी. तो म्हणाला, "मामा, तुमची घेऊन जातो, दहा मिनिटांत येतो." सणाच्या दिवशी जावयाला नाही कसं म्हणायचं? नानांनी कुलूप काढलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ओट्यावर उभे राहिले. मग ती परत दिसेपर्यंतही तिथंच उभे राहिले.

अमृत परतला तो कपाळाला आठ्या घालून. त्यानं गाडी बंद केली नाही. "मामा, रॉड वाजतोय," तो म्हणाला. "गरम झाल्यावर, ॲक्सिलेटर सोडला की. ठक-ठक येतंय आतून. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग खाल्लंय."

नानांनी पेचकस आणला, टोक इंजनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. धनश्री दारात आली, मनकर्णाबाई तिच्यामागं. बराच वेळ गेला. धडधड होती. छातीत जाणवणारी ती नेहमीची धडधड, बाकी काही नाही.

"काय वाजत न्हाई," नाना म्हणाले.

"मला इथं उभ्यानं ऐकू येतंय, मामा."

"तुमी दिवाळीला फुकनी बसवा म्हनत हुता."

"आता कुठला बसवताय? अशा रॉडवर हवेचा दाब वाढवला तर इंजिन फुटंल. आधी खोलून बेरिंग बदलायला पाहिजे."

झालं! खोलायला पाहिजे. म्हणजे बोलता बोलता गाडी मुक्कामाला आली होती. नानांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की आपण ओळखलं होतं. माणसाला आपला संशय खरा ठरल्याचा जो आनंद होतो त्याला तोड नाही. भले त्यात घर बुडत असो.

जेवण झालं. पाटाभोवती रांगोळी, ताटात धोंडे, वर तुपाची धार. सगळं यथासांग. मनकर्णाबाईंनी तांब्याचं ताम्हन वाण म्हणून पुढं केलं आणि रीतीप्रमाणं म्हणाल्या, "जावईबापू, आनखी काय पायजे ते मागा." अमृतनं एकदा धनश्रीकडं पाहिलं. मग तो अदबीनं म्हणाला, "वाण पोचलं, मामी. मामांकडं एकच मागणं हाय. त्या मशीनसाठी सावेडीला..."

"मशीनचं नाव काढायचं न्हाई!" नाना ताटावरून उठले. "ताम्हन न्या, कापडं न्या, हे घर मागा. मशीनचं नाव ह्या घरात पुन्यांदा काढायचं न्हाई!"

सगळे गप्प झाले. नानांना वाटलं, डाव उघडा पडला म्हणून गप्प झाले. बाकीच्यांना वाटलं, कानाचं नाव काढल्याचा नानांना अपमान वाटला. गैरसमज दोन्हीकडून इतका नेमका बसला की मधे सुई शिरायला जागा नव्हती. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही नानांना नाटकच वाटलं.

निघताना अमृत नानांच्या अगदी जवळ आला आणि मोठ्यांदा म्हणाला, "मशीन नको तर नको, मामा. पण एकादशीला मामींना मागं बसवून तुम्ही प्रवरासंगमला जाणार. रॉड तुटला तर इंजिन जाम होतं, मागचं चाक जागच्या जागी थांबतं. हायवेला मागं ट्रक असतो. माझ्यावर रागवा, पण मामींना ह्या गाडीवर बसवू नका."

त्या दिवसातलं एवढंच बोलणं नानांना शब्दन्‌शब्द ऐकू आलं, कारण अमृत ओरडून बोलला होता. आणि नानांनी काय अर्थ काढला? एवढं ओरडून सांगतोय म्हणजे नक्की खोटं असणार.

पण वाक्य ऐकलं की ते कानात राहतं. नाना दिवसातून चार वेळा गाडी चालू करत, पेचकस लावत, ऐकत. धडधड. बाकी काही नाही. काही नाही म्हणून खूश व्हावं, तर नेमका कानिफनाथ आठवे. वरच्या शिवारातला हा शेतकरी, नानांचं जुनं गिऱ्हाईक, चैत्रात इंजन घेऊन आला होता. "आवाज बदललाय, नाना," म्हणाला. नानांनी ऐकलं आणि "बिनघोर ऱ्हा" म्हणून लावून दिलं. चौथ्या दिवशी त्याचा रॉड तुटून इंजनाचं कवच फोडून बाहेर आला. नानांनी खापर ऑइलवर फोडलं. कानिफनाथ एका शब्दानं काही बोलला नाही. फक्त पुन्हा आला नाही. त्याला कुणीतरी फितवला असं नानांनी धरून ठेवलं होतं. आता दुपारी दुकानात एकटं बसल्यावर त्यांना त्याचं ते काही न बोलणं सारखं डोळ्यांपुढं येऊ लागलं. नानांना भीती वाटत होती. भीती वाटतेय असं कबूल करण्यापेक्षा जावयावर चिडणं सोपं होतं, म्हणून ते चिडत.

एकादशी उजाडली. मनकर्णाबाई नऊवारी नेसून, पिशवीत दिवे, वाती, फुलं घेऊन तयार झाल्या. संगमावर स्नान करायचं, दिवे सोडायचे, उन्हं चढायच्या आत परत यायचं. वाट दहा-बारा किलोमीटरची, पण सगळी ट्रकांच्या रांगेतली.

नानांनी मशीन चालू केलं आणि गरम होऊ दिलं. तेवढ्यात इंजन सांगाड्याला धरणारा एक बोल्ट सैल दिसला. तो आवळायला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी सवयीनं पेचकस दातांत धरला, एका हातानं नट पकडला, दुसऱ्यानं पान्हा लावला आणि वाकले. वाकताना पेचकसाचं टोक इंजनाला टेकलं.

ठक.

नाना दचकले. आवाज बाहेरून आला नव्हता. दातांतून निघून थेट डोक्यात गेला होता. त्यांनी तोंड मागं घेतलं. धडधड. पुन्हा टेकवलं, डाव्या हातानं ॲक्सिलेटर वाढवून सोडला. ठक, ठक, ठक. पेचकस काढून मूठ कानाला लावली. काही नाही. दुसऱ्या कानाला लावली. काही नाही. पुन्हा दातांत धरला. ठक, ठक, ठक. एखादा कोंडलेला माणूस आतून दार वाजवत असावा तसा.

मशीन खरं बोलत होतं. कान खोटं बोलत होता. किती दिवस बोलत होता कोण जाणे.

खटका ओढून नानांनी गाडी बंद केली आणि तिथंच जमिनीवर बसले. मनकर्णाबाई जवळ आल्या. त्यांचे ओठ हलले. नाना ओठांकडं बघत राहिले आणि म्हणाले, "रॉड वाजतोय."

मनकर्णाबाईंनी मान डोलावली. अशी डोलावली की त्यात नवल नव्हतं.

"तुला ठावं हुतं?"

"संक्रांतीपासनं," त्या खाली वाकून जोरात म्हणाल्या. "पायाला लागतंय की मागं बसल्यावर. दर बारीला सांगत हुते मी."

नानांना आठवलं की मागं बसल्यावर ही गप्प असते. गप्प असते म्हणजे मनात काहीतरी आहे, असं धरून त्यांनी किती फेऱ्या मारल्या होत्या! ते उठले, हात पुसले. "अमृतरावाला फोन लाव. म्हनावं मशीन घिऊन जा. खोला, बदला, काय करायचं ते करा. लई मागं लागला हुता."

"कुठलं मशीन?"

"कुठलं म्हंजी? मशीनं हायेत किती?"

मनकर्णाबाईंनी एक बोट स्वतःच्या कानावर ठेवलं. मग तेच बोट नानांच्या कानावर ठेवलं. "ह्याचं मशीन मागत हुता त्यो. सावेडीत डॉक्टर हाय, त्येच्याकडं तुमास्नी न्यायचं म्हनत हुता. धोंड्याला जावई सासऱ्याकडं काय मागतो, तर सासऱ्याचे कान. आन् तुमी ताटावरून उठला."

नानांनी एकदा गाडीच्या चाकाकडं पाहिलं. काढलेली साखळी आणि कुलूप शेजारीच पडलं होतं. त्यांना लाज वाटली. साधी, उघडी लाज, जी त्यांना कित्येक वर्षांत वाटली नव्हती. आणि हळूहळू एकेक करत टपरीवरचे चौघं, शब्द गिळणारी गिऱ्हाइकं, चुलीपुढची बायको, पाठमोरी लेक, सगळी त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. चार वर्षांत ह्या गावात कुणीसुद्धा कुजबुजलं नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "यष्टीनं जाऊ संगमाला. येऊन फोन करू."

दोघं फाट्याकडं चालू लागले. मनकर्णाबाई पिशवी घेऊन दोन पावलं पुढं होत्या. जाता जाता नानांनी विचारलं, "संक्रांतीपासनं ठावं हुतं, मंग मागं बसत का हुतीस?"

मनकर्णाबाई मागं न बघता काहीतरी बोलल्या. ट्रक गेला. एरवी नानांनी मान हलवली असती, किंवा "काय पुटपुटतीस?" म्हणून डाफरले असते. त्यांनी बायकोचा हात धरून तिला भर फाट्यावर थांबवलं. टपरीवरचे चौघं बघत होते.

"ऐकू न्हाई आलं," नाना म्हणाले. "पुन्यांदा सांग."

मनकर्णाबाईंनी पदर सावरला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या, "एकटं आसला की साठनं पळवता. मी मागं आसले की चाळीसच्या वर न्हेत न्हाई तुमी. म्हनून बसत हुते."